आवाज न करणारं मशीन

लेकीसाठी मशीन घ्यायचं तर ते आवाज न करणारंच, हे टेलरबाईंनी पक्कं करून टाकलं होतं. टाका कसा पडतो, मोटरला दम किती, सुटे भाग मिळतात की नाही, ते सगळं मागाहून. आधी आवाज. आणि टेलरबाईंनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्या ऐकायच्या नाहीत.

"मशीन आणायचंय की मांजर?" त्यांच्या यजमानांनी विचारलं. ते बस चालवायचे आणि दिवसभर इंजिनाची घरघर ऐकून त्यांना आवाजाचं काही वाटेनासं झालं होतं. "आणि मांजरसुद्धा गुरगुरतं म्हणा."

"तुम्ही तुमची बस बघा," टेलरबाई म्हणाल्या.

आता यातली गंमत अशी, की ज्या लेकीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता तिला ऐकूच येत नव्हतं. अजिबात नाही. शेजारी भिंत पाडत असले तरी ती आपली शांतपणे बटणं लावत बसायची. घरात तिला चिमणी म्हणत. तान्ही असताना सारखी चिवचिवायची म्हणून पडलेलं नाव, ते पुढे बदलावं असं कुणाला वाटलं नाही. चिमणी आता बावीस वर्षांची होती, कापड बेतण्यात आईच्या दोन पावलं पुढे होती, आणि दोन गल्ल्या सोडून तिने एक खोली भाड्याने घेतली होती, स्वतःचं काम सुरू करायला. एका दवाखान्याचे चाळीस एप्रन तिला मिळाले होते. मशीन आई देणार होती.

बहिऱ्या मुलीला बिनआवाजाचं मशीन कशाला, हे कुणीही विचारील. यजमानांनी विचारलं, तेव्हा "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून टेलरबाईंनी त्यांना वाटेला लावलं. खरं कारण त्यांनी वीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

चिमणी झाली तेव्हा शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं आणि हाताशी कुणी नव्हतं. महिना होतो न होतो तोच टेलरबाई पायमशीनवर बसल्या. पोरीला ठेवणार कुठे? कापडाचे तुकडे टाकायची एक मोठी टोपली होती. तिच्यात मऊ दुपटं घातलं आणि टोपली मशीनच्या लाकडी टेबलाला खेटून ठेवली. मशीन जुनं, लोखंडी. त्याची खडखड अशी, की गल्लीच्या टोकाला कळायचं, आज टेलरबाई लवकर उठल्या. पोर किरकिरली की त्या पाय मारायच्या, मशीन सुरू व्हायचं आणि पोर गप्प. मशीन थांबलं की पुन्हा भोकाड. "बघा, कशी ऐकते!" असं त्या येईल जाईल त्याला कौतुकाने सांगायच्या.

पोर दीड वर्षाची झाली तेव्हा कळलं की तिला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच असं आहे. टेलरबाईंना ते पटेना. पटणार कसं? त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मशीनचा आवाज ऐकून पोर गप्प होत होती. म्हणजे तेव्हा ऐकू येत होतं. मग गेलं कुठे? एवढ्याशा कानांशी आपण दहा-दहा तास लोखंड बडवलं, आपणच पोरीचे कान घालवले. हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलं. त्यांनी ना नवऱ्याला सांगितलं, ना सख्ख्या बहिणीला. पोरीला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. फक्त ती चालायला लागली तशी तिला मशीनपासून लांब ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला, आणि पोर हटकून मशीनच्या टेबलाखालीच जाऊन बसायची.

बाकी चिमणीसाठी त्या सगळं शिकल्या. हातांची भाषा शिकल्या, ती इतकी अंगवळणी पडली की आता हात न हलवता त्यांना बोलताच यायचं नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करताना हात चालू, फोनवर बहिणीशी बोलताना, फोन खांद्यात अडकवून, दोन्ही हात चालू. "अहो, तिकडे दिसत नाही तिला," असं यजमान म्हणायचे. पण टेलरबाईंना आपले हात हलताहेत याचा पत्ताच नसायचा.

तर पहिल्या दिवशी मायलेकी गेल्या मोठ्या रस्त्यावरच्या, काचांनी चकाकणाऱ्या मशीनच्या दुकानात. खरं तर टेलरबाईंना शिवण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याने त्यांना कधीच सांगून ठेवलं होतं: ज्या दुकानात नव्या मशीनपेक्षा दुरुस्तीला आलेली जुनी मशीनं जास्त दिसतील, ते दुकान धर. जिथे सगळंच चकचकीत, तिथे विकून झाल्यावर कुणी ओळख देत नाही. आणि कापड आपलं घेऊन जा. त्यांच्या कापडाला खळ असते, त्याच्यावर कुठलंही मशीन छान टीप मारतं. टेलरबाईंना हे सगळं पाठ होतं. पण काचेच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, "आवाज नाही, त्रास नाही", आणि तिथे त्यांची मती गुंग झाली.

विक्रेता गोड होता. नको इतका गोड. "मॅडम, हे बघा, बावीस प्रकारचे टाके. मॅडम, हे बघा, काज आपोआप." तो टेलरबाईंकडे बघून बोलत होता. चिमणी शेजारी उभी होती तिच्याकडे त्याने एकदाही मान वळवली नाही.

"आवाज?" टेलरबाईंनी विचारलं.

त्याने बटण दाबलं. टेलरबाईंनी कान अगदी जवळ नेला. नुसती कुजबुज. त्यांच्या जिवात जीव आला. असं मशीन त्या वेळी असतं तर, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी घाईघाईने चिमणीला खुर्चीवर बसवलं.

चिमणीने पिशवीतून आपली चिंधी काढली, एप्रनचं जाड कापड चौपदरी दुमडलेलं. डावा तळवा टेबलावर पसरून ठेवला आणि पायडल दाबलं. थोडी टीप मारली. थांबली. पुन्हा मारली. मग वाकून मशीनखाली बघितलं, काही हरवल्यासारखं.

"हे चालू आहे की बंद, तेच कळत नाही," ती हातांनी म्हणाली.

"अगं, तेच तर! म्हणूनच चांगलं!"

"कुणासाठी चांगलं?"

विक्रेता हसला. "मॅडम, तुम्हीच ठरवा ना. त्यांना काय कळणार यातलं?"

झालं. टेलरबाईंना ते मशीन फार आवडलं होतं, पण असलं बोलणं ऐकून घेणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "तिला काय कळतं ते तुमच्या सात पिढ्यांना कळायचं नाही," असं म्हणून त्यांनी चिंधी उचलली, लेकीचा हात धरला आणि त्या बाहेर पडल्या.

बाहेर आल्यावर मात्र दोघींचं जुंपलं. टेलरबाईंचं म्हणणं, दुकान बदलू पण मशीन तसंच घेऊ, शांत. चिमणीचं म्हणणं, ते मशीन मेलेलं आहे, मला जिवंत हवंय. भर रस्त्यात असं कडाक्याचं भांडण झालं आणि बाजूच्या पायरीवर झोपलेला कुत्रासुद्धा जागा झाला नाही.

"मशीन मी चालवणार ना?" चिमणीने शेवटी विचारलं.

"देणार मी ना?" टेलरबाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांनाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी चिमणीने आईला बाजारामागच्या बोळात नेलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींशी जुनी मशीनं, कुणाचं चाक काढलेलं, कुणाचं पोट उघडं. नवी मोजून पाच. म्हाताऱ्या शिंप्याच्या सांगण्यात हे दुकान तंतोतंत बसत होतं, त्यामुळे टेलरबाईंना नाक मुरडता येईना. आत एक मिस्त्री बसले होते, सत्तरीचे, चष्म्याची काडी शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली. ते एका मशीनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ कानाला लावून बसले होते, डॉक्टर छाती तपासतात तसं.

"कुणाला हवंय?" त्यांनी विचारलं.

"हिला. माझ्या मुलीला. तिला ऐकू येत नाही, तेव्हा मलाच—"

"शिवणार कोण?"

"तीच."

"मग तुम्ही जरा स्टुलावर बसा, बाई," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची फिरवून थेट चिमणीसमोर तोंड केलं. "काय शिवणार?" हळू, स्वच्छ ओठांनी. चिमणी ओठ वाचायची. तिने त्यांच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहिलं, एप्रन, मुलांचे फ्रॉक, पडदे. मग त्यांनी एकेक विचारलं. दिवसाला किती तास? टेबल लाकडी की लोखंडी? उजेड कोणत्या बाजूने येतो? चिमणी लिहीत होती, मिस्त्री वाचत होते. टेलरबाईंनी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा मिस्त्रींनी न बघता हात वर करून त्यांना थांबवलं. बावीस वर्षांत लेकीसाठी आपण बोललो नाही असं हे पहिलंच ठिकाण, हे टेलरबाईंच्या लक्षात आलं. बरं वाटलं की राग आला, ते त्यांचं त्यांना ठरवता येईना.

मिस्त्रींनी पाचातलं एक पुढे ओढलं. जड, साधं, एकच सरळ टीप मारणारं, खाली मोटर. "याचे भाग कुठेही मिळतात. नाही मिळाले तर मी घडवून देतो. मी नसलो तर माझी पुतणी देईल, मागे बसलीय ती. हिला टाक्यांच्या बावीस तऱ्हा नकोत. हिला एक तऱ्हा हवी, आणि ती जन्मभर हवी."

चिमणीने चिंधी लावली. तळवा टेबलावर पसरला. मशीन धडधडलं, आणि तिचा चेहरा खुलला. टेलरबाईंनी हे स्टुलावरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला, कारण मशीनचा आवाज चांगला दणदणीत होता.

पण चिमणी मध्येच थांबली. पुन्हा चालवलं, पुन्हा थांबली. मग तिने बोटाने टेबलावर वाजवून दाखवलं: टक टक टक, आणि एक वेगळी टक. दर फेरीला एक.

"छे," मिस्त्री म्हणाले. "कालच तपासलंय." तरी त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. मग मशीन आडवं केलं, बॉबिनजवळची झाकणी काढली. आत एक बारका स्क्रू अर्धा आटा सैल झाला होता.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं कान लावून मशीनं तपासतोय. आणि ही पोरगी तळहाताने..." त्यांनी चष्मा काढून पुसला, स्क्रू आवळला, आणि चिमणीला हात जोडले. चिमणी लाजून आईकडे बघायला लागली.

"हेच," तिने हातांनी म्हटलं. "आई, हेच."

आता हो म्हणायला काय हरकत होती? पण टेलरबाई उठल्या, मिस्त्रींना बाजूला मागच्या फळीपाशी घेऊन गेल्या आणि लेकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तिने ओठ वाचू नयेत म्हणून.

"शांत नाही का एखादं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "थोडं महाग असलं तरी चालेल."

"बाई, शांत कुणासाठी? तिला तर आवाजाचा त्रास नाही."

"आता नाही. झाला होता." आणि एकदा धरण फुटल्यावर थांबवणार कोण? वीस वर्षं जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते टेलरबाईंनी एका अनोळखी म्हाताऱ्याला मशीनच्या सांगाड्यांमध्ये उभं राहून सांगून टाकलं. ती टोपली, ते लोखंडी मशीन, ते दहा-दहा तास. "तिला तेव्हा ऐकू येत होतं हो. मशीन सुरू झालं की गप्प व्हायची. मी पाहिलंय. मग मीच तिचे कान घालवले. आता परत मीच तिला तसलं धूड घेऊन देऊ? कुठल्या तोंडाने?"

मिस्त्रींचं लक्ष भलतीकडेच होतं. ते टेलरबाईंच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते त्यांच्या हातांकडे बघत होते.

कारण हात बोलत होते. आवाज खाली आणला होता, ओठ लपवले होते, पण हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. नेहमीच्या सवयीने ते बाजूला पसरत होते, वर येत होते, टोपली दाखवत होते, मशीन दाखवत होते, कान दाखवत होते, मी, मी, मी, असं छातीला लावून दाखवत होते. आणि समोरच्या भिंतीवर, त्या फळीशेजारी, एक आरसा होता. त्यात चिमणी दिसत होती, उभी, डोळे विस्फारलेले.

टेलरबाईंनी आरशात पाहिलं आणि त्यांचे हात जागच्या जागी थांबले. आता काय लपवणार! त्या वळल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

चिमणी आली. तिने आईचा हात मनगटाशी धरला, तिला ओढत मशीनपाशी नेलं, आईचा तळवा टेबलावर पालथा ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि पायाने पायडल दाबलं. टेबल थरथरलं. थरथर टेलरबाईंच्या बोटांतून मनगटात आली, कोपरापर्यंत चढली. आयुष्यभर मशीन चालवून त्यांनी ही थरथर कधी वेगळी अशी जाणली नव्हती. आवाजच इतका असायचा, की बाकी कशाकडे लक्ष जायचं नाही.

चिमणीने पाय उचलला. थरथर गेली.

"हे," चिमणीचे हात म्हणाले. "हे होतं. आवाज नव्हता. मला कधीच ऐकू आलं नाही, आई. टोपलीतलं मला आठवत नाही, पण टेबलाखालचं आठवतं. पाठ टेकून बसायचे मी. हे चालू असलं की तू आहेस. हे थांबलं की तू गेलीस, म्हणून मी रडायचे. बाहेर येऊन तुला शोधायचे."

टेलरबाईंनी तळवा पुन्हा टेबलावर ठेवून पाहिला.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? जन्मापासून?"

टेलरबाईंनी मान हलवली.

"मग आपल्या घरात बहिरी मी नाही. तू आहेस. वीस वर्षं झाली सांगून, तू ऐकलंच नाहीस."

टेलरबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता असा हुंदका आला की मागची पुतणी हातातलं काम टाकून पाणी घेऊन धावली. चिमणीने आईला कवेत घेतलं. ती आईपेक्षा वीतभर उंच झाली होती, ते कधी झालं कोण जाणे. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उगाच एका डब्यातले स्क्रू दुसऱ्या डब्यात घालत होते.

"हेच द्या," टेलरबाई नाक पुसत म्हणाल्या, दोन्ही हातांनी. "हेच."

"खालचे रबराचे पाय काढून देतो," मिस्त्री म्हणाले, चिमणीकडे तोंड करून. "थेट लाकडावर बसवू. मग सगळं हाताला येईल. खालच्या मजल्यावर कुणी राहतं का?"

चिमणीने लिहिलं, तळमजलाच आहे.

"वा. मग प्रश्नच मिटला."

दोन दिवसांनी दुपारी मिस्त्री स्वतः आले आणि खिडकीशी, डाव्या बाजूने उजेड येईल असं मशीन बसवून गेले. चिमणीने एप्रनचा पहिला गठ्ठा सोडला. टेलरबाई मदतीला म्हणून आल्या होत्या, पण मदत घ्यायला कुणी तयार नव्हतं. "बस," एवढंच लेक म्हणाली. खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर चिमणी. म्हणून टेलरबाई खाली जमिनीवर बसल्या, मशीनच्या टेबलाला पाठ लावून, पाय लांब करून. गुडघे कुरकुरले. या वयात हे काय, असं त्यांच्या मनात आलं, पण त्या उठल्या नाहीत.

मशीन सुरू झालं. पाठीच्या कण्यातून थरथर वर चढली, खांद्यात पसरली. एक लांब टीप, थोडी थांब, वळण, पुन्हा लांब टीप. लेक कुठे वळतेय, कुठे सावकाश घेतेय, बाही लावतेय की खिसा, टेलरबाईंना सगळं पाठीवर कळत होतं. काही बघायची गरज नव्हती. तीन रात्री त्यांना धड झोप नव्हती. त्यांचे डोळे मिटले.

मशीन थांबलं. टेलरबाई दचकून जाग्या झाल्या, घाबऱ्याघुबऱ्या, कुठे आहोत ते न कळून. त्यांनी वर पाहिलं. चिमणी टेबलावरून खाली वाकली होती, तोंडात दोरा, आणि हसत होती.

"इथेच आहे," ती एका हाताने म्हणाली. "फक्त बॉबिन बदलतेय. झोप तू."